थरथरत्या हातांनी टिपलेले तारे

कंपवाताचे निदान झाल्यानंतर दोन वर्षांतच माझ्या पत्नीने कॅमेरा कपाटात ठेवून दिला. ‘हात स्थिर राहत नाही, तर छायाचित्र कसले काढायचे?’ या तिच्या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते सापडले रात्रीच्या छायाचित्रणात.

ताऱ्यांचा मंद प्रकाश साठवण्यासाठी कॅमेऱ्याचे शटर 15 ते 20 सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढा वेळ कॅमेरा निश्चल धरणे धडधाकट तरुणालाही शक्य नाही. तिपाई सर्वांनाच लागते. बटण दाबताना बसणारा हलकासा धक्काही चित्र बिघडवतो, म्हणून टायमर लावण्याची पद्धत आहे. आम्ही तो 10 सेकंदांचा ठेवतो. तिचा हात दूर होतो, तिपाई स्थिरावते आणि मगच शटर उघडते. येथे कंप आड येत नाही.

गावच्या घराच्या अंगणात आम्ही शिकू लागलो. पहिल्या रात्री सारे तारे पुसट आले. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस साधता येत नाही. आता व्याधाचा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून आम्ही फोकस हाताने जुळवतो. दुसऱ्या खेपेस शटर 40 सेकंद उघडे ठेवले, तर ताऱ्यांच्या रेघा उमटल्या; पृथ्वीचे फिरणेच त्यात उतरले होते. तिसऱ्या खेपेस वेळ कमी केला आणि मृग नक्षत्र नीट आले. त्यातील काक्षीचा तांबूस आणि राजन्याचा निळसर रंग डोळ्यांना जाणवतो त्याहून चित्रात अधिक खुलला होता.

वाचकहो, या छंदात काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. डोळे अंधाराला पूर्ण सरावण्यास साधारण अर्धा तास लागतो आणि वयपरत्वे हा अवधी वाढतो. तोवर चालू नये, बसून राहावे. तिपाई उजेडातच उभी करावी. पांढऱ्याऐवजी लाल प्रकाशाची मंद विजेरी वापरावी; तिने सरावलेले डोळे लवकर दिपत नाहीत. मात्र उठण्यापूर्वी पुरेसा उजेड करावा. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून क्षणभर थांबून, आधार घेऊनच उठावे. गच्चीचा जिना टाळावा. अंगण, सज्जा किंवा खिडकी पुरेशी आहे. शहरात तारे कमी दिसले तरी चंद्र असतोच. झोपेच्या वेळेआधी आवरते घ्यावे. औषधाची वेळही चुकवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. आजारी माणसाच्या वतीने सारे काही आपणच करू लागतो आणि त्यालाच सेवा समजतो. पहिल्या रात्री मीही तिच्या हातून कॅमेरा घेऊ पाहिला होता. ‘तिपाई तुम्ही धरा, चित्र मी काढीन,’ असे ती म्हणाली, तेव्हा मी ओशाळलो.

आता तिच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळतो, तिला खुर्चीत बसवतो, खांद्यावर शाल घालतो. ती ‘जरा डावीकडे’ म्हणते आणि मी तिपाई सरकवतो. चित्राची चौकट तीच ठरवते.