नर्सिंगला जायचंय? मग आधी एवढं विचारून घ्या

बारावी झाली, नीटचे मार्क पुरले नाहीत, पुढे काय ते ठरत नाही, अशी मुलं जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्यांना नर्सिंग सुचवलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "ते बायकांचं काम ना?" नाही. मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात, आयसीयूत, ऑपरेशन थिएटरात जाऊन बघा. पेशंट ज्यांना ब्रदर म्हणून हाक मारतात, ती माणसं तिथे रात्रंदिवस उभी असतात. लघवीची नळी घालायची म्हटलं की "ब्रदरला बोलवा" म्हणणारे आजोबाही वॉर्डात भेटतात.

तेव्हा मुलांनो, या कामात जरूर या. पण फी भरण्याआधी कोणती वाट कुठे जाते हे नीट समजून घ्या, कारण इथेच मुलं फसतात.

एएनएमचा, म्हणजे ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफचा, दोन वर्षांचा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. मुलांच्या हाती सुरुवातीला येतो तो जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा, काही महिन्यांचा कोर्स. तो वाईट नाही. पण तो करून तुम्ही नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये तुमची नोंदणी होत नाही आणि इंजेक्शन-सलाईन हे तुमचं काम नाही. ‘सहा महिन्यांत नर्सिंग’ असा बोर्ड लावून कोणी पैसे मागत असेल तर त्याला एकच विचारा, कोर्स झाल्यावर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळणार का? उत्तर गोलमोल आलं तर उठून बाहेर पडा.

ब्रदर व्हायचं तर जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, किंवा बी.एस्सी. नर्सिंग करावंच लागतं. जीएनएम तीन वर्षांचं. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्सला जीवशास्त्र लागतं आणि आपल्याकडे त्याची वेगळी सीईटी असते. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येतं. असिस्टंट म्हणून केलेली वर्षं मात्र यातून वजा होत नाहीत.

मग जीडीए करायचंच कशाला? तर हे काम आपल्याला झेपतं का, हे कळायला. तीन वर्षांची फी भरल्यावर पहिल्याच उलटीला पाय मागे घेणारी मुलं असतात. ते आधी कळलेलं बरं. शिवाय नर्सिंगचा पाया या कामातच घातला जातो.

कूस बदलण्याचंच घ्या. अर्धांगवायूचा पेशंट स्वतः हलू शकत नाही. साधारण दर दोन तासांनी त्याला वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. वळवण्याआधी त्याला सांगायचं, "आबा, आता खिडकीकडे वळवतो हं." त्याला बोलता येत नसलं तरी सांगायचं. मग गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला लावून अलगद वळवायचं. ओढायचं नाही, कातडी घासली जाते. आणि वळवलं की पाठ बघायची. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर तो पांढरा पडला आणि परत लाल झाला, तर वेळ गेलेली नाही. लालच राहिला तर तिथे चोळायचं नाही, लगेच सिस्टरला सांगायचं. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, जागा गरम लागते का, कडक झाली आहे का. ज्याला हे मनापासून करता येतं, तो पुढे चांगला ब्रदर होतो. मला त्यात शंका नाही.

बाई पेशंट असेल तर तिला विचारल्याशिवाय हात लावू नका. पडदा ओढा आणि सोबत सिस्टर किंवा मावशी असू द्या. यात पेशंटचा मान आहे, आणि तुमचीही काळजी.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी कावीळ बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. चादर गोळा करताना त्यात राहिलेली सुई टोचते, तेव्हा ही लस कामी येते. सुई टोचली तर लपवू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच वेळी कळवा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

पगाराचं खरं सांगायचं तर असिस्टंटला तो कमीच मिळतो. बरेच जण ठेकेदाराकडे किंवा ब्युरोमार्फत घरच्या पेशंटकडे बारा-बारा तास काढतात. नेमणुकीचं पत्र मागा, पीएफ आणि ईएसआय कापतात का ते विचारा. आणि त्याच कामात पाच-सात वर्षं घालवू नका. जीएनएमला वयाची अट असते, लग्न-संसार मागे लागतो, आणि अभ्यासाची सवयही मोडते. एखादं वर्ष काम करा, पैसे बाजूला टाका, इंग्रजी सुधारा.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलगा दुसऱ्याचं बेडपॅन उचलतो म्हणून पाहुण्यांत त्याचं काम लपवू नका. जिल्हा रुग्णालयात नर्सिंग स्कूल असेल तर त्याच्याबरोबर स्वतः जा, यंदाचे प्रवेश कधी सुरू होतात आणि कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून या. खासगी कॉलेज असेल तर त्याला कौन्सिलची मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे का, ते कौन्सिलच्या यादीत बघा. पहिला हप्ता त्यानंतर भरा.