तारेचा वळसा आणि घसाऱ्याचा हिशेब



ट्रॅक्टरच्या रेडिएटरची नळी तारेने आवळलेली नाही, असे गाव आम्हाला फिरताना क्वचितच लागते. कुणी सुतळी गुंडाळतो, कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी, बहुतेक जण कुंपणाची तार. शहरातली शहाणी माणसे याला 'जुगाड' म्हणतात आणि कौतुक करतात. आम्हाला त्यात कौतुकासारखे काही दिसत नाही. तो वळसा रिकाम्या खिशाची खूण आहे, आणि वापसा मिळतो नेमक्या त्याच दिवशी तो सैल पडतो.

पाणी गळू नये एवढेच क्लिपचे काम, अशी समजूत आहे. खरे तर ती दाब धरून ठेवते. रेडिएटरचे झाकण आतल्या पाण्यावर गाडीप्रमाणे अर्धा ते एक बार जादा दाब राखते. एक बार जादा दाब असला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते. नळीच्या तोंडाशी गळती सुरू झाली की दाब टिकत नाही, पाणी आधीच उकळते आणि उडून जाते. मग हेड गॅस्केट जळते, हेड वाकते. चार-सहा चहांच्या पैशांची वस्तू टाळली म्हणून हजारोंचे काम निघते. पेरणीचे चार दिवस गॅरेजच्या दारात जातात ते वेगळेच. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानात ओल आपल्या मिस्त्रीसाठी थांबत नाही.

तार एका जागी रबरात रुतते, दुसऱ्या जागी मोकळी राहते. म्हणून क्लिपच घ्यावी. पण पाहून घ्यावी. स्क्रूने आवळायच्या ज्या क्लिपला मिस्त्री जुबिली क्लिप म्हणतात, तिचे पेटंट इंग्लंडच्या नौदलातील लमली रॉबिन्सन यांना १९२१ साली मिळाले. शंभर वर्षांची ही विद्या आहे. तिच्यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, पट्टी. आरपार खाचा असलेल्या पट्टीतून रबर वर येते आणि कापले जाते. आतून गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेली पट्टी निवडा. दुसरी, धातू. पट्टी चकचकीत आणि स्क्रू साधा, असा माल पुष्कळ येतो. स्क्रू गंजला की क्लिप ना आवळता येते ना सोडवता येते. चांगल्या क्लिपवर खूण असते: डब्ल्यू-१ म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलाद, डब्ल्यू-२ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू साधा, डब्ल्यू-४ म्हणजे स्क्रूसह सगळी स्टेनलेस. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका, काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटते. तिसरी, माप. नळी तोटीवर चढवून बाहेरचा व्यास मोजा. तो ४२ मि.मी. भरला तर ३२-५० छाप असलेली क्लिप घ्या. माप मधोमध यावे.

क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे बसवा, नळीच्या अगदी टोकावर नको. इंजिन थंड असताना आवळा आणि दोन-तीन दिवसांच्या कामानंतर पुन्हा थंड असतानाच तपासा, कारण रबर दबून बसते. तोटी प्लास्टिकची असेल तर जोर बेताचा, नाहीतर तडा जातो. नव्या गाड्यांना स्प्रिंगची क्लिप असते. नळी फुगली-आकसली तरी ती आपोआप धरून राहते. तिचा ताण शाबूत असेल तर उगाच काढून फेकू नका. नळीलाच भेगा पडल्या असतील तर मात्र कोणतीही क्लिप कामाची नाही.

आता मूळ प्रश्न. हे सारे मिस्त्रीला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. तरी तार का? कारण मालाच्या भावातून यंत्राची झीज भरून निघत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या 'ए-२' खर्चात यंत्रांचा घसारा धरलेला असतो. पण तो कागदावर. आपल्या वहीत बियाणे, खत, फवारणी, मजुरी लागते. क्लिप, नळी, गॅस्केट लागत नाही. तार बांधली की खर्च शून्य दिसतो. पुढे भावाची मागणी घेऊन गेल्यावर आपलीच वही आपल्याविरुद्ध साक्ष देते. तारेने पाण्याची गळती थांबत नाही, फक्त खर्च झाकला जातो.

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. मृगाआधी प्रत्येक गावाने वर्गणीतून नेहमीच्या तीन-चार मापांच्या क्लिपांचा एक डबा भरून ठेवावा. आणि त्यातली प्रत्येक क्लिप ज्याने नेली त्याने ती आपल्या खर्चाच्या वहीत तारखेसह लिहावी. पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणावी. भाव मागायचा तर खर्च पुरा मांडावा लागेल, अगदी क्लिपेसकट.