कुणाचा रे तू?

दौलताबादच्या गल्लीत एखादा अनोळखी पोरगा दिसला की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या त्याला त्याचे नाव विचारीत नाहीत. ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतात. पोराने बापाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे कुणाच्या घरातला?’ मग आजा, मग भावकी, मग मूळ गाव. चार प्रश्नांत पोराचा पत्ता लागतो. पोराचे स्वतःचे नाव पुष्कळदा शेवटपर्यंत कुणी विचारीतच नाही.

गेल्या वर्षी सी भाषेचे पुस्तक घेऊन बसलो तेव्हा मला या म्हाताऱ्यांची फार आठवण झाली. इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्याने सी भाषेच्या वाटेला का जावे, असे आमचे मित्र विचारतात आणि काही प्राध्यापकही हसून विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. त्यात माझी एक घोडचूक सांगायची आहे आणि तिच्यावरून तयार झालेले एक मतही मांडायचे आहे.

आमच्या किल्ल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. यादवांची देवगिरी, १२९६ मधली अलाउद्दीन खलजीची स्वारी, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून इथे हलविलेली राजधानी आणि देवगिरीचे झालेले दौलताबाद, हे शाळेतला पोरगाही धडाधडा सांगतो. पण पायथ्याच्या शिवारांत ज्या विहिरी आहेत त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ती गोळा करायचे ठरविले. शरणापूर, माळीवाडा, अब्दीमंडी अशी गावे सायकलवर पालथी घातली. प्रत्येक विहिरीचे एक टिपण, आणि प्रत्येक गावाचा एक फोल्डर, अशी सगळी नोंद पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या चुलत भावाच्या संगणकावर केली. त्याला आम्ही दादा म्हणतो. संगणक लिनक्सवर चालणारा होता. फोल्डरांची नावे मी मराठीतच दिली.

टिपणे वाढली तशी ती एका यादीत आणण्याची गरज वाटू लागली. दादाने जेमतेम सी शिकविली होती. तेवढ्या भांडवलावर मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे काम साधे होते. एकेका फोल्डरमध्ये जायचे, ‘आपण आत्ता कुठे आहोत’ असे संगणकाला विचारायचे, मिळालेले नाव प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लिहायचे आणि टिपण यादीत टाकायचे. यादी झाली. ती पाहून मी इतका खूश झालो की मूळचे फोल्डर रिकामे करून टाकले. हा शहाणपणा सर्वस्वी माझा.

पुढे माळीवाड्याच्या एका आजोबांना मी मोठ्या अभिमानाने छापील यादी वाचून दाखविली. दुसऱ्याच ओळीवर त्यांनी मला थांबविले. ‘ही विहीर शरणापूरची? तुला कुणी सांगितलं? ती माझ्या चुलत्याच्या रानात आहे!’ तिथल्या तिथे सगळी यादी पाहिली. माळीवाड्याच्या सर्व विहिरी आणि अब्दीमंडीच्याही सर्व विहिरी शरणापूरच्या नावावर चढल्या होत्या.

आता हे कसे झाले ते सांगतो. कारण त्यातच म्हाताऱ्यांचा तो प्रश्न दडलेला आहे.

संगणकातल्या फोल्डरला, जुन्या शब्दात डिरेक्टरीला, स्वतःचे नाव ठाऊक नसते. युनिक्स आणि तिच्या घराण्यातल्या लिनक्ससारख्या प्रणालींत प्रत्येक डिरेक्टरीला एक क्रमांक असतो. नाव मात्र तिच्याजवळ नसते. ते तिच्या वरच्या डिरेक्टरीच्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलेले असते. म्हणून ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर शोधताना जुन्या युनिक्समधले प्रोग्रॅम अगदी ओट्यावरच्या म्हाताऱ्यांसारखे वागत. आपला क्रमांक पाहायचा, एक पायरी वर जायचे, वरच्या वहीत तो क्रमांक शोधून नाव टिपून घ्यायचे; मग त्या वरच्या डिरेक्टरीचा क्रमांक घेऊन आणखी एक पायरी वर. असे चढत चढत जिथे आपण आणि आपला वरचा एकच, म्हणजे मूळपुरुष, तिथे थांबायचे. टिपलेली नावे उलट्या क्रमाने जोडली की पूर्ण पत्ता तयार. आज लिनक्समध्ये ही चढउतार प्रोग्रॅमला करावी लागत नाही. प्रणालीचा गाभा स्वतःच उत्तर देतो. पण नाव वरच्याकडे असते ही गोष्ट बदललेली नाही.

गंमत अशी की खुद्द सी भाषेत हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. १९८९ साली अमेरिकेत सीचे पहिले प्रमाण ठरले. त्यात डिरेक्टरी ही कल्पनाच घेतलेली नाही, कारण सी सर्व तऱ्हेच्या यंत्रांवर चालावी अशी अपेक्षा होती आणि प्रत्येक यंत्रात डिरेक्टऱ्या असतीलच असे नव्हते. ही सोय पॉझिक्स नावाच्या दुसऱ्या प्रमाणाने केली. ते १९८८ चे. त्यातल्या फंक्शनचे नाव गेट-सी-डब्ल्यू-डी. त्याला आपण एक रिकामी जागा द्यायची आणि ती किती बाइटची आहे तेही सांगायचे. पत्ता मावला तर तो त्या जागेत लिहून मिळतो. मावला नाही तर फंक्शन नकार देते आणि ‘जागा अपुरी’ असे कारणही नोंदविते. त्याच्याआधीचे गेट-डब्ल्यू-डी नावाचे एक फंक्शन होते. त्याला जागेचे माप सांगण्याची सोयच नव्हती. पत्ता लांब निघाला तर ते जागेबाहेरही लिहीत सुटे. २००८ च्या पॉझिक्समधून ते काढून टाकले गेले.

मी दिलेली जागा होती १०० बाइटची. शंभर म्हणजे पुष्कळ, असे मला वाटले. इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणात तेवढीच होती. पण इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आणि यूटीएफ-८ या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. आता हिशेब पाहा. सुरुवातीचा रोमन लिपीतला ‘होम’ आणि ‘दादा’ हा भाग १० बाइटचा. पुढे प्रत्येक नावाआधीची तिरपी रेघ धरून ‘प्रकल्प’ २२, ‘दौलताबाद’ २५, ‘विहिरी’ १९. झाले ७६. ‘शरणापूर’ आणखी २२, म्हणजे ९८, आणि शेवटच्या खुणेचा एक बाइट धरून ९९. मावले! ‘माळीवाडा’ मात्र २५. एकूण १०१, खुणेसह १०२. बोलताना माळीवाडा चार अक्षरांचा आणि शरणापूर पाचांचे. पण माळीवाड्याच्या चारही अक्षरांना काना किंवा वेलांटी आहे, म्हणून चिन्हे आठ होतात, शरणापूरची सातच. दोन बाइटांसाठी माळीवाडा बाहेर राहिला. अब्दीमंडीची तर नऊ चिन्हे.

संगणकाने नकार दिला होता. मी तो ऐकलाच नाही. फंक्शनने काय उत्तर दिले हे न तपासता जागेत जे दिसेल ते उचलले, आणि जागेत आधीचे ‘शरणापूर’ तसेच पडून होते. किल्ल्यातल्या अंधारीत वाटाड्या उजेड विझवून दाखवतो, तेव्हा मागच्या वळणाच्या अंदाजाने पाऊल टाकणारा भिंतीवर आपटतो. माझ्या प्रोग्रॅमचे तेच झाले.

योग्य रीत काही अवघड नाही. आधी बेताची जागा द्यावी. ‘अपुरी’ असे उत्तर आले तर दुप्पट जागा घेऊन पुन्हा विचारावे, आणि पुरेपर्यंत असे करीत जावे. नकाराचे कारण वेगळे असेल, उदाहरणार्थ आपण उभे आहोत तो फोल्डरच कुणी पुसून टाकला असेल, तर थांबून तसे स्पष्ट सांगावे. एखादा मोठा आकडा धरून निश्चिंत होऊ नये. लिनक्सवर ४०९६ हा आकडा रूढ आहे, पण खरा पत्ता त्याहूनही लांब असू शकतो. विंडोजवरचा जुना आकडा २६०.

विंडोजवरून आठवले. तिथे हेच फंक्शन नावाआधी अधोरेषा लावून मिळते, पण ते उत्तर देते त्या संगणकासाठी ठरविलेल्या जुन्या चिन्हसंचात. त्या संचांत देवनागरी नाही. त्यामुळे मराठी फोल्डरात उभ्या असलेल्या प्रोग्रॅमला आपल्या पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. त्यासाठी तिथे युनिकोडचे निराळे फंक्शन वापरावे लागते. २०१९ पासून विंडोज १० वर प्रोग्रॅमने ‘मी यूटीएफ-८ वापरतो’ असे आधी जाहीर करण्याचीही सोय आहे. म्हणजे उपाय आहेत. ते करायचे कुणाला सुचले तर!

इथेच माझे मत सुरू होते. ही हकीकत ऐकल्यावर जवळजवळ प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला, ‘फोल्डरची नावे इंग्रजीत द्यायची, म्हणजे कटकट नाही.’ सल्ला देणारे माझ्या हिताचेच बोलत होते आणि व्यवहारात तो चालतोही. तरी मला तो मान्य नाही. रोमन लिपीत माळीवाडा लिहिला की त्याचा मालीवाडाही होतो. ळ आणि ल, ड आणि द, आ आणि अ एकाच अक्षरात बुडतात. मी गोळा करीत होतो ती नावेच होती. नाव जपण्यासाठी नावच मोडायचे, हा सौदा मला पटत नाही. आणि मुख्य म्हणजे यंत्राला देवनागरी नाव ठेवता येते, दाखविता येते; फक्त आम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जागा देताना इंग्रजीचे माप धरले. एखादा प्रोग्रॅम लिनक्सवरही चालतो आणि विंडोजवरही चालतो म्हणून त्याला ‘कुठेही चालणारा’ म्हणतात. जो माळीवाड्यात चालत नाही त्याला मी कुठेही चालणारा म्हणणार नाही.

आणखी एक. नाव एकदा विचारून कायमचे लक्षात ठेवणेही चुकीचे. फोल्डरचे नाव बदलले तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. पुन्हा विचारले तर नवे नाव मिळते, न विचारणारा जुनेच धरून बसतो. आमच्या भागाला हे समजावून सांगायला नको. १६१० मध्ये मलिक अंबरने वसविलेली खडकी पुढे फत्तेहनगर झाली, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. जमीन जिथे होती तिथेच आहे. टिपण लिहिणाऱ्याने कोणत्या वर्षी कोणते नाव ऐकले हे नोंदविले नाही तर पुढच्याने काय समजावे?

म्हणून मित्रहो, सी भाषा फक्त विज्ञान शाखेची, असे मानू नका. यंत्राला आपल्या गावांची नावे नीट सांगता यावीत ही काळजी ज्यांना आहे त्यांनीच त्यात लक्ष घातले पाहिजे, आणि ते आपण आहोत. प्राध्यापकांनाही विनंती आहे: प्रकल्पाची तोंडी परीक्षा घेताना टिपणे कशी जपली हाही एक प्रश्न विचारा.

माझ्या यादीतल्या बहुतेक विहिरी पुन्हा दारोदार फिरून जागेवर लावल्या. लोक हसले, पण कुणी नाही म्हटले नाही. दोन मात्र राहिल्या. त्या ज्या आजींनी सांगितल्या होत्या त्या पावसाळ्यात वारल्या. त्यांची लेक म्हणते, ‘आईचं माहेर अब्दीमंडीचं, सासर माळीवाड्याचं, कुठली विहीर सांगितली असेल काय ठाऊक?’ यादीत त्या दोन विहिरींच्या पुढे ठिकाणाचा रकाना मी कोरा ठेवला आहे.

आपल्यापैकी कुणी असा प्रोग्रॅम लिहील त्याने तो आधी माळीवाड्यात चालवून पाहावा, आणि तो चालेपर्यंत मूळ टिपणे पुसू नयेत.

(तृतीय वर्ष, कला)