गाव१, गाव२, गाव३...

मित्रांनो, प्रॅक्टिकलला जावाचं कलेक्शन भरायचं म्हटलं की आपण काय करतो? एक फॉर लूप लावतो आणि 'गाव१' पासून 'गाव१००' पर्यंत नावं टाकून मोकळे होतो. आउटपुट येतं, जर्नलवर सही होते. माझं स्पष्ट मत आहे, की अशाने सही मिळते, पण कलेक्शन कळत नाही.

माझीच फजिती सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत सातारा आणि सांगलीकडे जाणाऱ्या मुलांचं एसटी रिझर्वेशन एकदम करायचं होतं. यादीचं काम मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. हॅशमॅप वापरला. गावाचं नाव ही की. जिल्हा आणि मुलांची संख्या ही व्हॅल्यू. शंभर बनावट गावं टाकून टेस्ट केलं, एकदम ओके! पण बोरगाव सातारा तालुक्यात आहे, तसं वाळवा तालुक्यातही आहे. तीच की पुन्हा टाकली तर मॅप तक्रार करत नाही, गुपचूप जुनी व्हॅल्यू काढून नवी ठेवतो. साताऱ्याच्या बोरगावची तीन मुलं यादीतून गायब झाली आणि ऐन गर्दीत उभ्याने घरी गेली. मेसमध्ये अजून मला 'गाव१' म्हणतात!

चूक मॅपची नव्हती, माझी होती. लूपमधलं प्रत्येक नाव वेगळंच, त्यामुळे अ‍ॅरेलिस्ट, हॅशसेट, ट्रीसेट, सगळ्यांचा साइज १०० येतो. मग फरक दिसणार कसा?

त्यापेक्षा डेटा बनवणारा वेगळा जनरेटर क्लास लिहा. त्याला दहा गावं द्या आणि पाटील, जाधव, शिंदे, मोरे अशी चारच आडनावं. रँडमला सीड ठरावीक द्या, म्हणजे सापडलेली चूक हवी तेव्हा परत आणता येते. आता गाव आणि आडनाव जोडून १०० नोंदी तिन्हीत भरा. लिस्ट १०० दाखवेल, सेट चाळीसच्या वर जाणारच नाही. ट्रीसेट वर क्रमही लावून देईल.

कोणी म्हणेल, मग खरा डेटाच घ्या ना! पण मित्रांचे पत्ते प्रॅक्टिकलसाठी वापरणं बरं नव्हे. डेटा खोटा चालेल, फक्त तो खऱ्यासारखा अडचणीचा हवा.

मी आता तालुका आणि गाव मिळून कीचा क्लास केलाय, इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही लिहून. सरांना एकच विनंती, ओरलला एवढं जरूर विचारा: "तुझ्या डेटात दोन बोरगाव आहेत का?"