ताप उतरला, आजार नाही

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला जंतुसंसर्ग होतो, जोराचा ताप येतो आणि तो उतरल्यावर तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. अशा मोजक्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. गडहिंग्लजसारख्या गावात अशी हकिकत पोहोचली, की ‘औषधाशिवायही पोर बरं होतं’ हा समज पसरायला वेळ लागत नाही. नोंदींतला पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो : बहुतेक मुलांत आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उलटला.

संसर्गाशी लढताना शरीरातील टी-पेशी व इतर मारक पेशी जाग्या होतात. त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मरत असाव्यात, असे संशोधकांना वाटते. पण अस्थिमज्जेत काही पेशी उरतात आणि पुन्हा वाढतात. शिवाय निदानापूर्वी ताप किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड दिले गेले असेल, तर त्यानेही या पेशी तात्पुरत्या घटतात. सुधारणा ‘आपोआप’ झाल्यासारखी वाटते आणि निदान लांबते.

प्रतिकारशक्तीचे सामर्थ्य खरे आहे, पण तिला नेम धरायला शिकवावे लागते. ते काम आपल्याच राज्यात झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, जनुकीय बदल करून परत सोडतात. खारघरला जून २०२१ मध्ये पहिला उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला मान्यता मिळाली. मात्र तो उपचार आजार उलटलेल्या किंवा नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी आहे.

मुलांचा पहिला आधार आजही केमोथेरपीच. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात प्रगत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. पण उपचार दोन-तीन वर्षे चालतो. महिना-दोन महिन्यांत मूल खेळू लागते, कोल्हापूर-मुंबईच्या फेऱ्यांत मजुरी बुडते आणि औषध सुटते. घात होतो तो इथे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागू शकतो. प्रवास आणि बुडालेल्या रोजगाराचे काय, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे. उपचार अर्धवट सुटलेल्या मुलाच्या घरी आशा सेविका पोहोचली, तरी एक जीव वाचू शकेल.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे : केमोथेरपी सुरू असलेल्या मुलाचा ताप हे वरदान नव्हे, धोक्याची घंटा आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.