एकाच बॅटरीची चार घरं



दरवर्षी नोव्हेंबर लागला की इथल्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत दाराजवळच डब्यांचे डोंगर उभे राहतात. ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, एक चार्जर आणि वर एक कापडी पिशवी. आपल्यातली बरीच मंडळी याच सुमारास आयुष्यातलं पहिलं ड्रिल घेतात. घर घेऊन झालेलं असतं, मुलांच्या पुस्तकांची कपाटं भिंतीला बांधायची असतात, डेकची एखादी फळी निखळलेली असते, आणि कारागिराला बोलवावं तर तो कामाचे वेगळे आणि नुसत्या येण्याचे वेगळे पैसे लावतो.

या वेळचं संपादकीय ड्रिलवर कसं, असं काहींना वाटेल. निवडणुका आहेत, व्हिसाचे प्रश्न आहेत, तिकडे महाराष्ट्रात काय कमी चाललं आहे? सगळं खरं. पण या डब्यातून आपण नक्की काय विकत घेतो ते डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि ते मला उशिरा कळलं.

आपण ड्रिल घेत नाही. आपण बॅटरी घेतो. ड्रिल तिच्याबरोबर येतं. पुढच्या वर्षी करवत लागली, त्याच्या पुढच्या वर्षी पानं उडवायचा ब्लोअर लागला, की आपण त्याच रंगाच्या कपाटाकडे जातो, कारण हाताशी असलेली बॅटरी त्याच रंगात बसते. हळूहळू एका कंपनीचे आपण कायमचे गिऱ्हाईक होतो, आणि ते गुणवत्ता पाहून नव्हे, पहिल्या वर्षी कोणतं खोकं स्वस्त होतं त्यावरून. बॅटऱ्या सुट्या घ्यायला गेलं तर त्यांची किंमत अनेकदा अख्ख्या खोक्याच्या जवळपास भरते. ही काही चुकून झालेली गोष्ट नव्हे.

गंमत अशी की लाल मिलवॉकी आणि पोपटी रायोबी ही हत्यारं एकच कंपनी बनवते, हाँगकाँगची टेकट्रॉनिक. तरी एकीची बॅटरी दुसरीत जात नाही. पिवळी डिवॉल्ट आणि लाल क्राफ्ट्समन दोन्ही स्टॅनली ब्लॅक अँड डेकरच्या घरातल्या, तिथंही तेच. आणि आत काय असतं? सर्वसाधारण १८ व्होल्टच्या बॅटरीत पाच किंवा दहा गोल सेल. बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, नाहीतर त्याहून थोडे मोठे, २१ बाय ७०. थोड्याफार फरकाने सगळ्यांचे एकाच जातकुळीचे. भिन्न असतं ते वरचं प्लॅस्टिक आणि संरक्षणाचं सर्किट. त्या प्लॅस्टिकच्या खाचेवर एवढा धंदा उभा आहे.

तीन वर्षांपूर्वी सांगलीला माझी आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण ती घाबरली आणि आम्ही भावंडं तिच्याहून जास्त. इथं न्यू जर्सीत मी गॅरेजमध्ये सुतारकाम शिकत होते, त्यामुळे जरा अंगात वारं भरलेलं होतं. रजा काढली, आधाराला धरायचे स्टीलचे दोन दांडे घेतले, ड्रिल आणि चार्जर मोठ्या बॅगेत टाकले, बॅटऱ्या नियमाप्रमाणे हातातल्या बॅगेत. माझी डॉक्टरेट विद्युत-रसायनशास्त्रातली. बॅटरीबद्दल मला आता कुणी काही शिकवायला नको, अशी माझी समजूत.

पहिल्या फरशीतून ड्रिल कसंबसं आत गेलं आणि विटेशी थांबलं. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी स्टडवर ठोकलेलं ड्रायवॉल. त्यात भोक पाडणारं साधं ड्रिल तिकडच्या वीट-सिमेंटसमोर नुसतं गरम होतं. दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. चार्जर लावला. ‘फट्’ असा आवाज झाला आणि घरभर वास. लॅपटॉपचा, फोनचा चार्जर जगात कुठेही चालतो, म्हणून हाही चालेल असं मी धरून चालले होते. त्याच्या पोटाखाली बारीक अक्षरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं होतं. अशा चार्जरमधला कपॅसिटर साधारण २०० व्होल्टपर्यंतचा असतो. २३० व्होल्टची एसी वीज डीसी केली की सव्वातीनशेपर्यंत जाते. हे मी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवलेलं आहे. आई पलंगावरून म्हणाली, “काय जळलं गं?”

शेवटी तिनेच नेहमीच्या मिस्त्रींना फोन केला. ते वायरीचं हॅमर मशीन घेऊन आले आणि वीस मिनिटांत दोन्ही दांडे पक्के बसवून मोकळे झाले. मी विचारलं, मशीन किती वर्षांचं? “सोळा झाली, ताई. दोनदा कार्बन बदलले, एकदा वायर.” मग माझं ड्रिल हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं. “हलकं आहे. पण याची बॅटरी मेली की?” मी म्हटलं, नवी घ्यायची. “आणि कंपनीनं ती बंद केली की?”

माझ्या लहानपणी याच घरात कामाला येणाऱ्यांचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असे. भिंतीला भोक पाडणं हे आपलं काम नव्हे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी त्या कपाकडून शिकले. म्हणून तर चाळिशीत, परक्या देशात, पटाशी धरायला शिकावं लागलं. आणि हत्यार घेताना काय पाहायचं हा साधा प्रश्न मी ज्यांना आधीच विचारायला हवा होता, त्यांनीच तो मला विचारला.

त्याचं उत्तर इतिहासात बऱ्यापैकी मिळतं. ब्लॅक अँड डेकरने पहिलं बिनवायरीचं ड्रिल १९६१ मध्ये काढलं. (नासामुळे ते जन्माला आलं ही दंतकथा आहे. नासाचं काम नंतर आलं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीच्या ड्रिलने चंद्रावर भोकं पाडली आणि तिथंही ड्रिल ठरलेल्या खोलीपर्यंत गेलं नाही, हे वाचून मला सांगलीबद्दल जरा बरं वाटलं.) पुढं अनेक वर्षं निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या चालल्या. लिथियम आयन सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, पण ड्रिलसारख्या एकदम जोराचा प्रवाह ओढणाऱ्या हत्यारांत ती यायला २००५ उजाडलं. या बदलात कित्येकांची चांगली चालणारी हत्यारं निव्वळ बॅटरी मिळेना म्हणून फेकली गेली. मिलवॉकीने २००५ मध्ये २८ व्होल्टची लिथियम बॅटरी आणली आणि २००८ मध्ये आजची १८ व्होल्टची, वेगळ्या आकाराची. डिवॉल्टने २०११ मध्ये आकार बदलला. रायोबीने मात्र १९९६ मध्ये ठरवलेला आकार आजवर टिकवला आहे. मकिटाची १८ व्होल्टची लिथियम मालिका २००५ पासूनची. तेव्हा दुकानात गेल्यावर मोटर किती ताकदीची हे विचारण्याआधी बॅटरीचा हा आकार किती वर्षं चालू आहे ते विचारा. त्या खुणेवर रायोबीला मी झुकतं माप देते, व्यावसायिक सुतार हसले तरी. आठवड्याला दोन तास काम करणाऱ्याला त्यांच्याइतकं मजबूत हत्यार लागत नाही.

व्होल्टच्या आकड्यांना भुलू नका. अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाणारी बॅटरी युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकतात. पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, झाले १८. नुकतीच भरून काढलेली असताना प्रत्येक सेल चारच्या वर असतो, म्हणून वीस. दोन्ही आकडे खरे, पण दुसरा फक्त पहिले काही क्षण. तसाच १२ व्होल्टचा प्रकार, म्हणजे तीन सेल. घरातल्या बहुतेक कामांना, पडद्याचे दांडे, कपाटांच्या बिजागऱ्या, खेळण्यांची दुरुस्ती, हे लहान ड्रिल पुरतं आणि मनगट दुखत नाही. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांनी वजनाचा विचार अवश्य करावा. बॅटरीत किती ऊर्जा आहे हे पाहायचं तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी सहसा हातातल्या बॅगेत चालते, त्यावर परवानगी लागते.

ब्रशलेस मोटर घ्यावी का? घ्यावी. कार्बन झिजत नाहीत, घर्षण कमी, तीच बॅटरी जास्त वेळ पुरते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की साध्या मोटरचे कार्बन गल्लीतला कारागीर बदलतो, ब्रशलेसचं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं तर बहुधा हत्यारच जातं. सगळं काही एका बाजूला नसतं.

आणि आमच्या न्यू जर्सीकरांसाठी खास: थंडीत गॅरेजमध्ये बॅटऱ्या चार्ज करू नका. शून्य अंशाखाली लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं. सेलची क्षमता कायमची कमी होते आणि पुढं आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. चांगले चार्जर थंड बॅटरी घेतच नाहीत, पण त्यावर विसंबू नका. बॅटऱ्या घरात ठेवा, अर्ध्या भरलेल्या. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणाऱ्या बेनाम बॅटऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. त्यांच्यात संरक्षणाचं सर्किट नावालाच असू शकतं, आणि आपण झोपतो त्याच्या खालच्या मजल्यावर त्या चार्जिंगला असतात.

आता मूळ मुद्दा. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच जास्त एकट्या काँगोतून येतो, आणि तिथं लहान मुलं खणतात हे अॅम्नेस्टीने २०१६ मध्ये पुराव्यानिशी मांडलं. या बॅटऱ्यांमध्ये बहुधा कोबाल्ट असतंच. प्रत्येक घरात चार रंगांच्या आठ बॅटऱ्या, त्यातल्या सहा वर्षभर फडताळात पडून, हे आपल्यासारख्या स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांना शोभत नाही. कायद्याने हे बदलता येतं. युरोपने फोनसाठी एकच चार्जिंगचा प्लग डिसेंबर २०२४ पासून सक्तीचा केला आणि आकाश कोसळलं नाही. त्यांच्याच २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे आणि मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं ती मिळाली पाहिजे. मिस्त्रींच्या प्रश्नाला निदान पाच वर्षांचं उत्तर. हत्यारांच्या बॅटरीचा आकार एक असावा ही सक्ती मात्र त्यातही नाही. मेटाबोने २०१८ मध्ये आणि बॉशने २०२० मध्ये इतर कंपन्यांना बरोबर घेऊन सामायिक बॅटरीचे गट काढले, पण अमेरिकेतले मोठे रंग त्यापासून दूरच राहिले.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला जमण्यासारखं काहीतरी आहे. आपण राहतो तिथं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आपली चार घरं असतातच. त्या चार घरांनी एकच बॅटरी ठरवावी. मग एकाने करवत घ्यावी, दुसऱ्याने सँडर, तिसऱ्याने ब्लोअर, आणि बॅटरी ज्याची त्याने आणावी. वाड्यात शिडी एकच असायची, पाटा-वरवंटाही या घरातून त्या घरात जायचा. इथं आपण एकमेकांना ढोकळा देतो, ड्रिल देत नाही, आणि दिलं तरी बॅटरी बसत नाही. बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारं उसनी मिळतात. तुमच्या गावच्या ग्रंथालयातही अशी सोय आहे का, ते खरेदीआधी एकदा विचारून पाहा. निदान महिन्यातून एकदा लागणारी भारी हत्यारं तरी तिथून आणा.

आमच्या भागात तीन कुटुंबांनी असं ठरवलं. पहिलं भांडण रंगावरून झालं. एकाकडे आधीच्या दोन पिवळ्या बॅटऱ्या होत्या आणि त्याला त्या सोडवेनात. दुसरं भांडण करवत कुणी बोथट केली यावरून. आता करवतीबरोबर एक वही फिरते आणि नवं पातं शेवटी वापरणाऱ्याने आणायचं असतं. नवरे मंडळींना एक गोष्ट अजून जड जाते, दुकानात विक्रेता त्यांच्याशी बोलतो आणि उत्तर मी देते.

सांगलीला मी आता ड्रिल नेत नाही. गेल्या खेपेला मिस्त्रींसाठी कार्बाइडच्या बिटांचा एक चांगला संच नेला होता. त्यांनी डबी उघडली, एकेक बिट उजेडात धरून पाहिलं आणि हसून म्हणाले, “ताई, ही सगळी इंचातली आहेत. आपले प्लग सहा मिलिमीटरचे.”