हाडांची शिल्लक

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेल्या सांगाड्याकडे मुले प्रथम भीतभीत पाहतात आणि मग धीट होऊन त्याचा हात हलवीत खिदळतात. प्रौढ माणसाच्या शरीरातील 206 हाडांची ओळख त्यांना तेथेच होते. पण त्याबरोबर एक चुकीचा समजही मनात रुजतो. हाड म्हणजे वाळल्या लाकडासारखी निर्जीव वस्तू, देहाच्या इमारतीचा खांब, एवढेच आपण धरून चालतो. माझा हा समज आईने दूर केला. त्या धड्याचे मोल मात्र तिलाच मोजावे लागले.

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात असे. आई टाचा उंचावून ती सहज काढी. पुढे तिचा हात तेथवर पोहोचेनासा झाला, पाठीला किंचित बाक आला. ‘आई, तू लहान होत चाललीस,’ असे म्हणून आम्ही हसलो, तीही हसली. एके पहाटे न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याशी मांडीचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, ‘पडणे हे निमित्त. हाडे कित्येक वर्षे विरळ होत होती. उंची घटली, तेव्हाच मणके दबू लागले होते.’

हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यातील काही पेशी जुना भाग काढून टाकतात, तर काही नवा रचतात. साधारण तिशीपर्यंत या व्यवहारात जमा अधिक. पुढे हळूहळू खर्च वाढतो. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे हा खर्च एकदम वाढतो. यातून उद्भवणाऱ्या विकारास ऑस्टिओपोरोसिस अथवा अस्थिविरलता म्हणतात.

सांध्यांचे दुखणे याहून वेगळे. गुडघा बिजागरीसारखा, तर खुबा उखळीसारखा. दोन्हींत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की सांधा दुखतो, आखडतो आणि आपण वैद्याकडे धावतो. अस्थिविरलता मात्र हाड मोडेपर्यंत बहुधा अवाक्षर बोलत नाही. म्हणूनच ती अधिक घातक.

उपाय फारसे दुर्मिळ नाहीत. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. अंगावर ऊन घेतल्याने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. चालण्याने हाडांना बळकटी येते. हाडांची घनता डेक्सा तपासणीने कळते आणि गरजेप्रमाणे औषधेही मिळतात. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवणे तर कोणत्याही घराला शक्य आहे. आमच्या घरी ती बसली, पण आई पडल्यावर.

शस्त्रक्रियेनंतर आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. तिला पाहताना जुने दिवस आठवतात. सर्वांना दूध देऊन उरले, तर ती घोटभर घेई. बहुधा उरत नसे. आमच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या वाढत्या उंचीच्या पेन्सिलीने काढलेल्या खुणा अजून आहेत. त्यांत आईची एकही खूण नाही. वाचकहो, आपल्या घरच्या चौकटीवर तेवढी एक खूण आजच करून ठेवा, आणि दर वर्षी तिला पुन्हा तेथे उभी करा.